अठराशे ग्रॅम

बाळाच्या वजनाच्या बाबतीत आमच्या वीरकर सिस्टर कुणावर म्हणून विश्वास ठेवत नाहीत, अगदी स्वतःवरसुद्धा नाही. सकाळी आठ वाजता त्यांनीच वजन केलेलं असतं, कागदावर अक्षर त्यांचंच असतं, खाली सही त्यांचीच असते. तरी दुपारी त्याच बाळाला इंजेक्शन द्यायची वेळ आली की बाई पुन्हा काटा पुसायला घेतात. "सिस्टर, सकाळी तुम्हीच केलंय की," म्हणावं तर उत्तर ठरलेलं. "सकाळचं सकाळी गेलं. आता किती हाय ते बोल."

बरं, वजन कपड्यासकट चालत नाही. बाळ उघडं पाहिजे. आता आमच्या भागात चार माणसांत तान्हं बाळ उघडं करायचं म्हणजे अख्ख्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या उठून बसतात. एकीला थंडीची काळजी, दुसरीला नजरेची, तिसरी म्हणते टोपडं तरी राहू द्या. सिस्टर एकेक कपडा काट्यावर ठेवून मोठ्यानं वाचून दाखवतात. टोपडं पंचवीस ग्रॅम, मोजे दहा ग्रॅम, दुपटं दोनशे चाळीस ग्रॅम. "ह्ये सगळं औषध पिणार हाय का?" असं विचारतात, आणि म्हाताऱ्या गप्प होतात. दरम्यान वॉर्मरखाली, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राखाली, गरम करून ठेवलेलं फडकं त्यांनी काट्यावर अंथरलेलं असतं, आकडा शून्यावर आणलेला असतो, आणि बाळ त्यावर असं अलगद ठेवतात की बरीचशी पोरं रडायचीसुद्धा विसरतात.

मी आष्ट्याची. नर्सिंग सांगलीला केलं आणि नोकरी लागली ती सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात. गावाचं नाव सांगत नाही. पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी एकटीची आहे, उगाच गावाला बोल कशाला? प्रसूती विभाग आणि त्याला लागून नवजात बाळांची खोली, खोलीत चार वॉर्मर, एवढा आमचा संसार. त्याच्या मालकीणबाई म्हणजे वीरकर सिस्टर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, गणित कसं हाय? मी जरा ताठ्यातच सांगितलं, दहावीला अठ्ठ्याहत्तर मार्क होते. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग उरलेल्या बावीस मार्कांत किती बाळं बसत्यात?" मला असला राग आला म्हणता, बदलीचा अर्ज कसा लिहितात हे मी त्याच दिवशी क्लार्कला विचारून आले.

दिसायला बाई अगदी साध्या. बुटक्या, सावळ्या, काटक. अंबाड्यात गजऱ्याच्या जागी एक निळं पेन खोचलेलं, मनगटावर पुरुषी घड्याळ. माणदेशातल्या, म्हसवडच्या बाजूच्या. घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. घरात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणाची झाली नाही. आणि भाषा म्हणाल तर डॉक्टरांशीही तीच, वॉर्डातल्या मावशींशीही तीच.

मोबाइलवर हिशेब करायचा नाही. एकीनं करून दुसरीनं मान डोलवायची, तेही नाही. डोस काढायचा तर दोघींनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, आपापल्या कागदावर वजन लिहायचं, किलोमागं किती, एका मिलीत किती, मग भरायचं किती, असं पायरी पायरीनं लिहायचं, आणि दोघींचं झालं की वळून कागद दाखवायचे. जुळले तर सिरिंज. नाही जुळले तर पुन्हा पाठीला पाठ. एकदा नवीन आलेले डॉक्टर दारात उभे राहून हे बघत होते. त्यांना वाटलं आमचा काहीतरी खेळ चाललाय. त्यांनी हसून विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, तुमी पण या, तिघांचं बघू. डॉक्टर आले, आणि त्यांचंच चुकलं. तेव्हापासून ते हसत नाहीत.

पॉइंटच्या बाबतीत तर विचारू नका. नुसतं पॉइंट तीन लिहिलेलं त्यांना दिसलं की अंबाड्यातलं पेन बाहेर. "पॉइंट एकटा सोडू नको. त्याच्या म्होरं शून्य हुबं कर, न्हाईतर घाईत कुणाला दिसत न्हाई, आन्‌ तीन मिली जातंय." आणि आकड्याच्या मागं उगाचच शून्य लावलं तर जास्तच खवळतात. अर्धा, पाऊण, सव्वा, साडे हे शब्द खोलीत बंद. मला सव्वा म्हणायची सवय होती. ती मोडायला दोन महिने लागले, आणि सुट्टीला घरी गेल्यावर मी आईला एक पॉइंट दोन पाच वाटी साखर म्हणाले तेव्हा आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आमच्याकडं रक्तदाब वाढून झटके येणाऱ्या बायका येतात. त्यांना मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. पहिला डोस चौदा ग्रॅम, आणि आमच्याकडच्या एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, एक ग्रॅम. चार ॲम्प्युल पाणी मिसळून शिरेतून सावकाश, बाकीच्या दहा दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. सिस्टर रिकाम्या ॲम्प्युल टाकू देत नाहीत. ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या, चौदा मोजून दाखवायच्या, मगच कचऱ्यात. पुढचा डोस द्यायच्या आधी बाईचा श्वास मोजायचा, लघवी बघायची आणि गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का बघायचं, औषध जास्त झालं की तो उडत नाही. ही ठोकाठोक बाईंच्या इतकी अंगात मुरलीय की एकदा मीटिंगमध्ये बोलता बोलता त्यांनी शेजारी पाय लोंबकळत बसलेल्या क्लार्कच्या गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला. "चालतंय," म्हणाल्या, आणि पुढं बोलायला लागल्या.

माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत, वजनं आठवतात, तीही जन्माच्या वेळची. आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे कसोटी असते. एकदा एक झुपकेदार मिशांचा फौजी, रजेवर आलेला, नवी बायको आणि सासरे यांच्यासोबत भाजी घेत होता. सिस्टर मेथीच्या जुड्या बाजूला सारून ओरडल्या, "काय रं दोन किलो शंभर, कवा आलास?" तो गडी भर बाजारात वाकला आणि त्यांच्या पाया पडला. सासऱ्यांना वाटलं हा जावयाचा पलटणीतला नंबर असेल. ते कौतुकानं ऐकत राहिले आणि सिस्टरांनीही काही खुलासा केला नाही.

तर अशा बाई. आम्ही मागं हसायचो. नकला करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची, हे कबूल करते.

त्या दिवशी सिस्टर भाच्याच्या लग्नाला दोन दिवस गावी गेल्या होत्या. माझी सकाळची ड्यूटी होती. कोरेगावकडच्या एका ऊसवाल्या घरातली सून आली, प्रियांका. आठवा महिना, रक्तदाब भयंकर वाढलेला, दारातच झटका आला. मॅग्नेशियम दिलं, पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. मी वजन केलं, अगदी सिस्टरांच्या पद्धतीनं. एक किलो आठशे. नोंदवहीत तसंच लिहिलं.

प्रियांकाचा नवरा अमोल सैन्यात, वर कुठंतरी थंडीत. घरचं माणूस म्हणून सोबत फक्त त्याची आई, हौसाक्का. मी वॉर्मरला अडकवायचं कार्ड लिहायला घेतलं. त्यावर आईचं नाव, जन्माची वेळ आणि वजन असतं. हौसाक्का काचेपलीकडून हात जोडून उभ्या. मी बाहेर गेले तर म्हणाल्या, "आवं बाई, येवढं अडीच किलो लिव्हा की. पोराला फोटू धाडायचाय. त्यो पयलं वजनच इचारतुय. तिथं एकटा हाय, ह्ये आईकलं तर जेवायचा न्हाई." आणि रडायला लागल्या.

माझं हे असंच आहे. कुणी रडलं की मी पाघळते. म्हटलं, एका फोटोपुरतं तर आहे. वहीत खरं लिहिलेलंच आहे. फोटो झाला की कार्ड बदलू. मी कार्डावर दोन पॉइंट पाच किलो लिहिलं, तेही सुवाच्य. हौसाक्कांनी फोटो काढला, पाठवला. तेवढ्यात आतून हाक आली, प्रियांकाला पुन्हा झटका. मी धावले. तिचं सगळं शांत होईपर्यंत तीन वाजून गेले, माझी ड्यूटी दोनलाच संपली होती, मी बस पकडली. कार्ड वॉर्मरला तसंच राहिलं.

चार वाजता बाळाचा श्वास जोरात चालायला लागला. जंतुसंसर्ग असावा म्हणून डॉक्टरांनी जेंटामायसिन लिहिलं, रोज एकदा, किलोमागं पाच मिलिग्रॅम. दोघी नर्स नियमानं पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, कार्डावरचं वजन घेतलं, बारा पॉइंट पाच मिलिग्रॅम, एका मिलीत दहा, म्हणजे एक पॉइंट दोन पाच मिली. वळल्या. कागद जुळले. इंजेक्शन दिलं. दोघींचं गणित अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन वाजता आले ती थेट प्रियांकाकडं गेले. ती शुद्धीवर आली होती. कार्डाची आठवणसुद्धा मला झाली नाही, देवाशपथ. चारच्या सुमाराला नवजात खोलीत शिरले तेव्हा सिस्टर, दुपारीच लग्नावरून परतलेल्या, दुसऱ्या डोसची तयारी करत होत्या. सकाळी त्या नव्हत्या म्हणून आठचं वजन राहिलं होतं, आणि आता अर्थातच बाळ काट्यावर होतं.

एक किलो सातशे ऐंशी. सिस्टरांनी कार्ड बघितलं. काटा बघितला. बाळ पुन्हा वॉर्मरखाली ठेवलं आणि कपाटातून मिठाची न फोडलेली पुडी काढली. ही पुडी त्यांनी काटा तपासायला ठेवलेली असते. एक किलो तीन ग्रॅम, पिशवीसकट, नेहमीइतकीच. बाळ पुन्हा काट्यावर. एक किलो सातशे ऐंशी.

"सातशे वीस ग्रॅम गेलं कुठं?" त्या कुणालाच न बघता म्हणाल्या. "एका दिसात पोर येवढी आटत न्हाई."

मी सगळं सांगितलं. हौसाक्का, फोटो, बदलायचं राहिलेलं कार्ड, सगळं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगते, बसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी बाळ वॉर्मरखाली ठेवलं, ट्रेमधली रिकामी सिरिंज बाजूला सारली आणि एवढंच विचारलं, एक डोस गेला का? गेला, असं शेजारची नर्स म्हणाली. सिस्टर तोंडातल्या तोंडात बोलल्या, पायजे नऊ, गेलं साडेबारा, साडेतीन जास्त. स्वतःचाच नियम मोडून साडे म्हणाल्या, इतक्या त्या हबकल्या होत्या.

जेंटामायसिन जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो, कानाला होतो. बाळ ऐकू न येणारं होऊ शकतं. हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आता ते बाळ माझ्यासमोर होतं, आणि त्याचे कान बदामाच्या पाकळीएवढे होते.

डॉक्टर आले. त्यांनी पुढचा डोस बारा तास पुढं ढकलला, आणि तोही नऊ मिलिग्रॅमचा. रक्त तपासायला पाठवलं, लघवी नीट होते का बघा म्हणाले, एका डोसानं बहुधा काही होणार नाही पण घरी जायच्या आधी कानांची तपासणी झालीच पाहिजे म्हणाले. लघवी बघायची म्हणजे लंगोटांचं वजन करायचं. कोरडा किती, ओला किती, फरकाचं जितकं ग्रॅम तितकं मिली. सिस्टरांनी ते काम मला दिलं. मी देवापुढं नवस बोलले, परीक्षेसाठी बोलले, बहिणीच्या लग्नासाठी बोलले, पण कुणाच्या लघवीसाठी इतक्या कळवळून कधी बोलले नव्हते.

पहिला ओला लंगोट हाती आल्यावर जरा जीवात जीव आला. मी हळूच म्हटलं, सिस्टर, ते कार्ड फाडून नवीन लिहू का? "फाडू नको," म्हणाल्या. "त्याच्यावर एक रेघ मार, खालचा आकडा दिसला पायजे. शेजारी खरं लिही. सही कर, येळ टाक." मी तसं केलं. शून्याच्या जागी शून्य लिहिलं. मग त्या म्हणाल्या, आता चल, म्हातारीला सांगायचं.

हौसाक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या. एक गोष्ट माझ्या आदल्या दिवशी लक्षात आली नव्हती. त्यांनी नातीला अजून हात लावला नव्हता. घ्या म्हटलं तरी नको म्हणत होत्या, काचेतूनच बघायच्या. मी त्यांच्यापुढं जमिनीवर बसले आणि सांगितलं की मी खोटं लिहिलं, त्यामुळं तुमच्या नातीला औषध जास्त गेलं, काय होऊ शकतं तेही सांगितलं. त्यांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "तुजं काय चुकलं बाई, म्याच म्हणलं. म्या बघितलं तिला आन्‌ जीवच बसला माजा. ही काय ऱ्हात न्हाई. म्हणलं, चार दिस तरी पोराला बरं वाटू द्यावं."

"आन्‌ चार दिसांनी?" सिस्टरांनी विचारलं.

हौसाक्कांनी पदराखालून फोन काढून माझ्या हातात दिला.

अमोलचा व्हिडिओ कॉल लागला. कानटोपी घातलेला, गाल थंडीनं फाटलेले, तोंडभर हसत होता. बहुतेक पेढे वाटून झाले असावेत. मी कोण ते सांगितलं, आणि मग बाकीचं सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढं सांगता आलं नसतं. त्यानं कानटोपी काढली. मग म्हणाला, "अठराशे ग्रॅम म्हंजे केवढं वो? मला डोळ्यापुढं येईना."

सिस्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बाकावर टेकवून उभा केला. दोन्ही हात म्होरं कर म्हणाल्या. त्यानं हातमोजे काढले, हात पुढं केले. आता वंजळ कर. त्यानं ओंजळ केली. "ह्यात मावंल. डोकं हितं बोटांवर, पाय मनगटापतूर." तो आपल्या रिकाम्या ओंजळीकडं बघत राहिला. मग त्यानं विचारायचं तेच विचारलं. जगंल का?

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. आणि सिस्टरांना तर आकड्याशिवाय बोलता येत नाही, या प्रश्नाला आकडा कुठून आणणार? त्या बाकावर बसल्या, हौसाक्कांच्या शेजारी.

"आईक," त्या म्हणाल्या. "म्या वाटंत जन्मले. मेंढरं घिऊन चाललेली माजी आई. दिस भरलं न्हवतं. कुठला काटा आन्‌ कुठला दवाखाना. कळपातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, ही काय ऱ्हात न्हाई, ठिवा कडंला. आईनं ठिवलं न्हाई. चोळीत घातलं आन्‌ चालाय लागली, पाक फलटणापतूर. माजं वजन कुणी केलंच न्हाई. आई म्हणायची, दोन हातात मावून जागा उरायची. आता चौसष्ट किलो हाय म्या." त्या फोनकडं वाकल्या. "तुजी जगंल का ते मला सांगता येत न्हाई. पर रोज चार वाजता खरं वजन सांगीन. कमी झालं तरी सांगीन."

"सांगा," तो म्हणाला. "कमी झालं तरी सांगा."

आम्ही कुणी काही बोलायच्या आत हौसाक्का उठल्या. नळावर गेल्या, कोपरापर्यंत हात घासून धुतले, आत आल्या आणि चोळीची गाठ सोडायला लागल्या. "द्या हिकडं तिला," म्हणाल्या. "म्या घेती चोळीत."

बाळाला असं उघड्या छातीला लावून ठेवतात, त्यानं ऊब मिळते, श्वास नीट चालतो, हे आम्ही पोस्टर लावून सांगतो आणि कुणी ऐकत नाही. हौसाक्कांना पोस्टर वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रियांका उठून बसेपर्यंत, सलग पाच दिवस, जेवणाखाण्यापुरतं सोडून नातीला छातीवरून खाली ठेवलं नाही.

आकडे रोज चार वाजता जायचे. एक किलो सातशे साठ, त्या दिवशी अमोलनं आकडा दोनदा विचारला. एक किलो सातशे सत्तर. दोन दिवस तिथंच. मग एक किलो आठशे दहा, आणि पलीकडून चार-पाच जवानांचा एकदम आवाज आला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मी दुसऱ्याच दिवशी झालेल्या चुकीचा अहवाल लिहून वरती पाठवला होता, स्वतःच्या नावानं. मला ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. खाली सिस्टरांनी एक ओळ जोडली होती, की यापुढं खोलीत कुणीही डोस काढायच्या आधी वजन स्वतः करावं, कार्डावरचं घेऊ नये. आता आम्ही सगळ्याच करतो. नक्कल मी सोडली.

तीन आठवड्यांनी बाळाला कान तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. मी बरोबर गेले होते. मशीनवर दोन्ही कानांचं बरोबर आलं. तंत्रज्ञ मला म्हणाला, अहो, रडताय काय, पास झालीय. मी तिथूनच सिस्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, दोनी कान? मी म्हटलं, दोन्ही. बरं, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घरी जायच्या दिवशी शेवटचं वजन झालं. दोन किलो साठ. प्रियांका आणि हौसाक्का बाहेर गाडीपाशी, सामान चढवून झालेलं. सिस्टरांनी बाळ काट्यावरून उचललं, कपडे घातले, आणि तसंच दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. डोळे मिटलेले. हात थोडे खाली-वर करत होत्या, अंदाज घेतल्यासारखे. मला वाटलं काट्यात काही घोटाळा आहे. मी विचारलं, काय झालं?

"काय न्हाई. जड झाली," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत. "लग्नावरनं आले आन्‌ पयल्यांदा उचलली, तवा वाटलं, ही माज्यायेवढी. येवढी वरसं बघत आले गं, कोण माज्यायेवढं असंल ते. कदी वाटतं सोळाशे, कदी वाटतं अठराशे. आई असती तर येक पोर तिच्या हातात ठिवली असती. म्हणलं असतं, सांग, येवढीच हुते का म्या?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बाहेरून हौसाक्का हाका मारत होत्या, गाडीवाला खोळंबलाय म्हणून. सिस्टर दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि परत येऊन बाळ माझ्या हातात दिलं.

"तूच दे जा," म्हणाल्या. "मला न्हाई देववत."